जांभळ्याचं पिवळं करणारी साल

मी केळ्याची साल. हो, तीच, जी तुम्ही खिडकीतून भिरकावता आणि मग पाय घसरला की जिला शिव्या घालता. आज मात्र माझं ऐका, कारण आज मी जिंकले आहे.

माझा जन्म गंगापूरकडच्या एका मळ्यातला. घडात असताना ऊन, वारा, किडे, ओरखडे, सगळं मी अंगावर घेतलं आणि आतला गर मऊ राहिला. झीज रोखणारी द्रव्यं म्हणूनच मी अंगात साठवत गेले. विज्ञान त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतं. हे मला तेव्हा कुठं माहीत होतं? ते करुणानं शोधलं.

करुणा रसायनशास्त्र शिकते. सोमवारी ती गुलमंडीत बन्सीच्या केळ्यांच्या गाड्यावर आली. मी तिथंच होते.

"भाऊ, साल फाटकी नको. मला तीच लागणार आहे."

"अन् केळं?"

"तेही लागेल. पण नंतर."

बन्सी हसला. "ताई, नवरदेव सोडून वरातीचा घोडा न्यायला आलात की!"

करुणा हसली नाही. उस्मानपुऱ्यातल्या तिच्या घरी गेल्यावर मला कारण कळलं. सालीत गरापेक्षा झीज रोखण्याची ताकद जास्त आहे, हे तिला प्रकल्पात दाखवायचं होतं. पण आधीच्या सालींची पूड चाचणीत गराच्याही मागं पडली होती. तिचे मार्गदर्शक साळवे सर म्हणाले होते, "शुक्रवारपर्यंत निकाल दाखव. नाहीतर माझ्या यादीतला विषय घे." त्या यादीत साबण होता, डिटर्जंट होतं. साल कुठंच नव्हती.

चिडलेल्या करुणानं माझे तुकडे केले आणि ताट घेऊन गच्चीकडं निघाली. गच्चीवरच्या पत्र्यावर ऊन रणरणत होतं.

"कुठं चाललीस?" तिची आई गोजरबाई दारात उभी राहून मेथी निवडत होती.

"वाळवायला. मागच्या वेळी तीन दिवस पत्र्यावर ठेवल्या होत्या, तुझ्या कुरडयांसारख्या. कडकडीत वाळल्या होत्या."

"अन् काळ्या झाल्या असतील."

"हो. मग?"

"आगं, कुरडईला ऊन लागतं. मेथी कुणी उन्हात वाळवतंय व्हय? रंग जातो, वास जातो, नुसता पाला राहतो. घरात टाक, पंख्याखाली."

करुणा थबकली. "हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलं का? तुला वाटलं, आईला काय कळतं कॉलेजातलं!"

करुणानं खाटेवर पांढरं कापड पसरलं आणि मला त्यावर मांडलं. गर शेजारच्या ताटात. तीन दिवस पंखा फिरत राहिला आणि मी काळी न पडता वाळले.

शुक्रवारी प्रयोगशाळेत आम्हा दोघांची पूड झाली, अल्कोहोलात भिजली, गाळली गेली. समोर गडद जांभळं द्रावण होतं. ज्याच्यात ताकद जास्त, तो ते जास्त फिकट करणार.

गराचा अर्क पडला. जांभळं थोडं फिकटलं.

मग मी पडले. करुणानं श्वास रोखला. जांभळं उतरलं, आणखी उतरलं आणि नळीत स्वच्छ पिवळा रंग उभा राहिला.

"पुन्हा कर," सर म्हणाले.

पुन्हा पिवळं.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदाही पिवळं! सरांनी चष्मा काढला, पुसला, नळी उजेडात धरली. "वाळवण्याची पद्धत कुठल्या पुस्तकातून घेतलीस?"

"आईकडून, सर."

"मग तसंच लिही. आईचं नाव घालून."

आता मी चिमूटभर पूड होऊन एका बाटलीत आहे. मला कच्चं चावा, असं मी म्हणत नाही. नळीतली जीत म्हणजे औषध नव्हे, अजून पुष्कळ तपासायचं आहे. पण तो तपास आता होणार आहे, कारण करुणानं प्रकल्पाच्या वहीत विषय म्हणून ठळक अक्षरांत लिहिलं आहे: केळ्याची साल आणि गर. सालीचं नाव आधी.

तुमच्याकडं माझं एवढंच मागणं आहे. कुणालाही टाकाऊ म्हणायची घाई करू नका. आधी मोजा.