पूर्ण जमा झालेलं पेन्शन

रोवेना गेल्याचं क्लिफर्डला कळलं, ते त्याचं लष्कराचं पेन्शन पूर्ण जमा झालं त्या दिवशी. तो तिचा पहिला नवरा. घटस्फोटात कोर्टाने त्याच्या पेन्शनमधला वाटा तिला दिला होता, तिच्या हयातीपुरता. मी तिचा दुसरा नवरा. ती वारल्याचं मी पेन्शनच्या ऑफिसला कळवलं, त्याला नाही.

संध्याकाळी तो किलीन गावातल्या आमच्या दारात आला.

"कधी गेली?"

"मार्चमध्ये."

"आणि मला बँकेकडून कळतंय! फोन मोडला होता का रे तुझा?"

"तू तिला जळू म्हणायचास."

"म्हणायचो. दर महिन्याला पैसे कापले की शिव्या घालायचो. पण कापले म्हणजे बाई आहे, एवढं तरी कळायचं."

मी कालची खिम्याची चिली गरम केली. तो रोवेनाच्या खुर्चीपाशी गेला, थांबला आणि स्टुलावर बसला.

"पुरलंस कुठे?"

"दहन केलं. राख तळ्यात सोडायची आहे."

"रविवारी गाडी आणतो. दोघं जाऊ."

मी हो म्हणालो.

रविवारी त्याने बराच वेळ हॉर्न वाजवला. मी राखेचा डबा मांडीवर घेऊन घरात बसलो होतो. दार उघडलं नाही. डबा घरात आहे म्हणजे ती आहे, एवढं तरी वाटत होतं.

राख सोडायची अजून राहिली आहे.