साठ किलोच्या बाईची फळी

बाईला वय विचारू नये असं सगळे म्हणतात. वजनाबद्दल मात्र कुणी काही सांगून ठेवलेलं नाही, त्यामुळे जो उठतो तो विचारतो. मला अमिषानं विचारलं आणि मी साठ सांगून मोकळी झाले. अगदीच थाप नव्हती ती. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा माझ्या कागदावर साठच लिहिलं होतं, डॉक्टरांच्या सहीनिशी. त्यानंतर मी काट्यावर उभीच राहिले नाही, त्याला कोण काय करणार?

अमिषाला वजन हवं होतं ते माझ्या सर्फिंगच्या फळीसाठी. ही खारघरची मुलगी. नागावला आमचा होमस्टे आहे, तिथे खोली घेऊन राहते आणि समुद्रावर पर्यटकांना लाटेवर उभं राहायला शिकवते. मला टायफॉइड झाला, त्यावर कावीळ झाली, आणि त्यातून उठल्यावर डॉक्टर म्हणाले, आता अंगात ताकद यायला हवी, काहीतरी व्यायाम करा. मी अंगणात भिंतीला धरून फेऱ्या मारत होते तर ही म्हणाली, "दिपालीताई, भिंतीला काय धरताय, पाण्यात चला ना!" गेले. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा लाटेनं मला पुढे ढकललं आणि मी जोरात ओरडले. आनंदानं ओरडायची सवय नव्हती, त्यामुळे अमिषाला वाटलं मला काही चावलं.

तेव्हापासून सकाळी सहा ते सात हा तास माझा. बाकी दिवसभर घरात माझ्या नावाचा जप चाललेला असतो. काकी, गरम पाणी येत नाही. काकी, सोलकढी संपली का? अगो दिपाली, माझा चष्मा कुठाय? त्या एका तासात मला कुणी हाक मारत नाही, आणि मारली तरी लाटांच्या आवाजात मला ऐकू येत नाही. हा तास माझ्या हातून गेला असता तर मी कुणाकडे तक्रार केली नसती, पण मला फार, फार वाईट वाटलं असतं.

आणि तो जायची वेळ आली होती. महिनाअखेरीस अमिषा आपल्या सगळ्या फळ्या टेम्पोत घालून गोकर्णला चालली होती. माझी स्वतःची फळी असली तर तास राहणार, नाहीतर परत भिंत आणि अंगण. गोव्यात एक कारागीर माणसाच्या मापानं फळ्या बनवतो. मोदकांच्या ऑर्डरींतून साठवलेले होते नव्हते ते पैसे मी त्याला पाठवले. त्याचा एकच नियम होता. फळी ज्यातून कोरतात तो फोम एकदा कापला की बदल नाही आणि परत घेणंही नाही. चुकीची फळी आली असती तर दुसरी घ्यायची माझी ऐपत नव्हती, आणि घरात पुन्हा तो विषय काढायला तोंडही उरलं नसतं.

"फळी किती लिटरची बनवायची ते तुमच्या वजनावर ठरतं," अमिषानं मला समजावलं.

"लिटरची? फळी आहे की दुधाची किटली?"

"म्हणजे पाण्यावर ती तुम्हाला किती उचलून धरेल ते, ताई. वजन जास्त तर लिटर जास्त. त्यात नवीन शिकणारा असेल तर अजून मोठी लागते, ती डगमगत नाही ना. मग जसजसं येत जाईल तसतशी लहान."

इथे माझी गाडी अडकली. आमच्याकडे वस्तू घ्यायची ती वाढत्या अंगाची. शाळेचा गणवेश दोन वर्षं पुढच्या मापाचा, चपला बोटभर मोठ्या, ब्लाउजला आतून दोन शिलाया दाबलेल्या. आणि इथे बघावं तर उलटंच, शिकणं वाढलं की वस्तू लहान! मी डोकं चालवलं. फळी यायला दीड महिना लागणार. तोवर मला अजून येईल. मग आजच्या अकलेची फळी कशाला घ्यायची, वाढत्या अकलेचीच घेऊ. मोबाइलवरच्या फॉर्मात तीन चौकोन होते, नवशिके, मध्यम आणि तरबेज. मी मध्यमवर बोट ठेवलं.

"मध्यम? पक्का ना, ताई?" अमिषानं विचारलं.

"पक्का. तू गेलीस म्हणून मी काय शिकायची थांबणार आहे?"

तिनं फॉर्मातल्या साठ आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पण अजून महिनाभर तिला माझ्या हातचं जेवायचं होतं, त्यामुळे ती काही बोलली नाही.

गोव्याहून उत्तर आलं. सात फूट दोन इंच, पंचेचाळीस लिटर, रंग पिवळाधमक. चित्र बघूनच मी खूश झाले. साठ किलोच्या, बऱ्यापैकी येणाऱ्या बाईला अगदी शोभून दिसेल अशी ती फळी होती.

आमच्या सासूबाईंना, म्हणजे कृष्णाबाईंना, ह्यातलं काहीच पसंत नव्हतं. "दर्यात जायाचं त पोटासाठी जायाचं," त्या म्हणायच्या. "मानसा जातान नि म्हावरा आनतान. तू काय आनतेस? पडसा!" सकाळी मी फळी उचलली की त्या माझ्याकडे पाठ करून खराट्यासाठी नारळाच्या झापांचे हीर काढायला बसायच्या. माझी फळी बुडाली असती तर त्यांनी पेढे वाटले असते, अशी माझी खात्री होती.

त्यांचा एक नवस फेडायचा राहिला होता. मी आजारी होते तेव्हा त्यांनी चौलच्या देवीला बोललं होतं, सून उठून उभी राहिली तर तिच्या वजनाइतका गूळ वाहीन. दर वेळी जायचं ठरायचं आणि खोल्या भरलेल्या निघायच्या. शेवटी एक शुक्रवार पक्का झाला. नेमका त्याच दिवशी चार वाजता गोव्याचा माणूस फोम कापणार होता, पण त्याचं नि ह्याचं काही नातं असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

"गूळ किती आणू?" प्रज्योतनं, माझ्या नवऱ्यानं, स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"साठ किलो."

वीस वर्षं संसार झालेल्या माणसाला कुठे गप्प बसायचं ते बरोबर कळतं. मुकाट गेला आणि दहा-दहा किलोच्या सहा ढेपा घेऊन आला. सासूबाईंनी एकेका ढेपेवर हात ठेवून त्या मोजल्या, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत गेल्या. मला वाटलं, त्यांना किलोचं काही कळत नसावं.

देवळाच्या मंडपात मोठा तराजू टांगला होता. एका पारड्यात मी मांडी घालून बसले, नवी साडी, नाकात नथ, थाटात. दत्तात्रेय गुरवांनी दुसऱ्या पारड्यात एकेक ढेप ठेवायला सुरुवात केली. पाचवी ठेवली, सहावी ठेवली. मी जिथल्या तिथे.

"पाय टेकलेत का खाली?" गुरवांनी वाकून बघितलं.

"नाही हो!"

"काटा अडकला असंल," प्रज्योत माझी बाजू सावरायला म्हणाला. गुरवांनी साखळी हलवून बघितली. काटा चांगला होता. मागे ओट्या घेऊन थांबलेल्या बायकांत खुसखुस सुरू झाली.

"मी उतरते," मी म्हटलं.

"आसं कसं उतरशील? नवसाला बसलेला मानूस तोल झाल्याबिगर उठत न्हाय," गुरव म्हणाले. "गूळ आना अजून."

प्रज्योत स्कूटर घेऊन नाक्यावरच्या वाण्याकडे पळाला. मी नथ सावरत पारड्यात बसून राहिले. येणारा-जाणारा देवीला हात जोडायचा आणि मग मला बघायचा. एका म्हातारीनं तर मलाही हात जोडले.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. तो सासूबाईंच्या पिशवीत होता. त्यांनी काढला, हिरव्यावर बोट दाबलं आणि मग आणखी कुठे कुठे दाबलं, त्यामुळे फोन स्पीकरवर लागला.

"दिपालीताई!" अमिषाचा आवाज साऱ्या मंडपात घुमला. "गोव्याचा भाई फोम टेबलवर लावून उभा आहे. वजन साठ, लेव्हल मध्यम. फायनल ना? कापायला सांगू?"

पंधरा-वीस माणसं माझ्याकडे बघत होती. फक्त हो म्हटलं असतं तर निदान फोनवरची अब्रू वाचली असती. पण समोर साठ किलो गूळ होता. त्यानं मला बोटभरही उचललं नव्हतं. मग ती पिवळी फळी मला कशी उचलणार होती? ती मला घेऊन खाली जाणार होती, आणि माझा सकाळचा तासही तिच्याबरोबर.

"थांब!" मी ओरडले. "कापू नको म्हणावं! माझं वजन अजून यायचंय!"

"यायचंय? कुठून?"

"वाण्याकडून. हे आणायला गेलेत."

"ओके," अमिषा म्हणाली. "भाईला चहा प्यायला सांगते. मी होल्डवर आहे."

प्रज्योत आला. एक दहाची ढेप, एक पाचची आणि एकेक किलोच्या चार-पाच सुट्या ढेपा त्यानं आणल्या होत्या. दहाची ठेवली, काही नाही. पाचची ठेवली, माझं पारडं जरासं कुरकुरलं. एक किलोची ठेवली आणि मी अलगद वर आले.

"शहात्तर!" दत्तात्रेय गुरवांनी आरतीच्या आवाजात पुकारलं.

"ऐकलं, ताई," फोनमधून अमिषा म्हणाली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. प्रज्योत देवळाच्या छताकडे फार लक्षपूर्वक बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. "गो पोरी, साठ कोनी लिवलं?"

"ताईंनीच सांगितलं, आजी."

"साठची व्हती तवा तिला हुभं ऱ्हाता येत न्हवतं. मोरीपत्तूर मीच उचलून न्यायची, दोन मयने. त्या वजनाचं मना सांगू नको. त्या वजनाची सून मना पुन्ना नको. शहात्तर लिव."

मंडपात कुणी हसेना. आजारपणातलं मला फारसं आठवत नाही. मोरीपर्यंत मी कशी जात होते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"लिहिलं, आजी," अमिषा आता जरा सांभाळून बोलत होती. "आणि लेव्हल? मध्यमच ठेवू ना?"

"मद्यम म्हंजे काय?"

"म्हणजे बऱ्यापैकी जमतं."

"कोनाला? हिला?" सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "काल अकरा येळा पडली. दोनदा हुभी ऱ्हायली. परवा नऊ येळा पडली, पन एकदा पार वाळूपत्तूर आली."

"आठ!" मी पारड्यातून म्हटलं. "काल मी आठ वेळा पडले!"

"तुला काय ठाव? तू पान्याखाली व्हतीस."

"पण आई, तुम्ही कुठे होतात?"

"सुरूच्या झाडांत. तू गेलीस का मी मागनं येते, न् तू निंगालीस का फुडं जाते."

"रोज?"

"मंग? जितक्यांदा खाली जातेस तितक्यांदा वर आलीस का न्हाय, ते कोनीतरी मोजाया नको?"

अमिषाच मधे बोलली. "मग नवशिके टाकते, ताई. नऊ फूट, पंच्याऐंशी लिटर."

"बुडनार न्हाय ना?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही बुडणार, आजी."

"मंग काप म्हनावं त्याला."

मला रडू फुटलं, चांगलं हुंदक्यांसकट. तराजूच्या साखळ्या खणखणल्या आणि समोरची ढेपांची रास डुलायला लागली.

"ओ बाई, हलू नका!" दत्तात्रेय गुरव दोन्ही हातांनी गूळ धरत ओरडले. "घरी जाऊन रडा!"