नुसतं ‘शन’

आधी सगळं काम दोन शब्दांवर चालायचं. बंद आणि चालू.

भिंतीला लावायची पुट्टी बनवणारा कारखाना. खोलीएवढ्या टाक्या, टाकीत लोखंडी पाती, आणि त्या पात्यांचा दिवसभर असा खडखडाट की बाजूला उभ्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानात तोंड घालावं लागे. पाती अडकली की फिटर वरच्या झाकणातून टाकीत उतरायचा. उतरण्याआधी वॉकीवर पॅनेलवाल्याला, म्हणजे टाक्यांची बटणं दाबणाऱ्याला, सांगायचा, बंद ठेव रे, मी आत जातोय. वर आला की सांगायचा, चालव. पॅनेलच्या खोलीतून टाकीचं तोंड दिसत नाही. मध्ये काच आहे, पण काचेवर पांढरी भुकटी बसून बसून तिची भिंतच झालीये. म्हणजे आत गेलेल्या माणसाचा जीव पॅनेलवाल्याच्या कानात. हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यात कोणाला काही वाटत नव्हतं, कारण बंद म्हणजे बंद होतं.

मग मोठ्या गिऱ्हाईकाची माणसं कारखाना बघायला आली. त्यांनी वॉकीवरचं बोलणं ऐकलं आणि नाकं मुरडली. आठवड्याच्या आत हुकूम निघाला. वॉकीवर यापुढे फक्त इंग्रजी, आणि तेही ठरवून दिलेले शब्द. टाकीचा वीजपुरवठा तोडून ठेवायचा म्हणजे आयसोलेशन. टाकी चालवायची म्हणजे ऑपरेशन. आत डोकावणं इन्स्पेक्शन, तेल देणं लुब्रिकेशन, वारा सोडणं व्हेंटिलेशन. आणि समोरच्याचं ऐकलं हे सांगायचं तर कन्फर्मेशन. शिकवायला एक गुळगुळीत प्रशिक्षक आला. त्याने पडद्यावर शब्द दाखवले, अर्थ घोकून घेतले, परीक्षा घेतली. सगळे पास झाले. त्याच्या डोक्यात एवढं आलं नाही की सगळ्या शब्दांना त्याने एकच शेपूट लावलंय.

वॉकीचं एक असतं. बटण दाबलं की ती क्षणभर मुकी राहते, मग आवाज धरते. घाईत असलेला माणूस बटण दाबताक्षणी बोलतो, त्यामुळे शब्दाचं डोकं कापलं जातं. वरून खडखडाट मधला भाग खातो. पलीकडे पोचतं ते शेपूट. ‘बंद’चं शेपूट आणि ‘चालू’चं शेपूट यांत कोणाची गल्लत व्हायची नाही. आता सगळीकडून एकच ऐकू यायचं. शन. शन. शन.

एका म्हाताऱ्या फिटरने हे सुपरवायझरला सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, तुमचं इंग्रजी कच्चं आहे म्हणून बहाणे करू नका. आणि वॉकीवर कोणी चुकून ‘चालव’ म्हणाला की त्याला दुसऱ्या दिवशी फाटकापाशी सगळ्यांसमोर उभं करून दहादा ऑपरेशन म्हणायला लावायचा. माणसं मुकाट शिकली.

या गोष्टीतला पॅनेलवाला आणि फिटर एकाच घरातले. फिटर म्हणजे पॅनेलवाल्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. अंगाने इतका वाळका की सगळे त्याला काडी म्हणत. झाकणातून तो सगळ्यांत सहज उतरायचा, म्हणून सगळ्यांत जास्त त्यालाच उतरवत. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत नवरा-बायको, मागच्या खोलीत काडी आणि त्या दोघा भावंडांची आई.

बहीण शाळेत चांगली होती. तिनेच दोघांकडून शब्द पाठ करून घेतले. भाजी चिरता चिरता विचारायची आणि चुकलं की सुरीची मूठ दाखवायची. काडी कधी चुकायचा नाही. उलट त्याने शब्दांचा खेळ करून टाकला होता. म्हणायचा, ताई, शेवटी शन असलेल्यांत रेशन आणि टेन्शन हे दोनच आपले, बाकीचे साहेबाचे. आईकडे बघून म्हणायचा, आई घरात आली की इन्स्पेक्शन, भाऊजी घोरायला लागले की व्हेंटिलेशन. आई म्हणायची, मेल्या, लग्न कर आधी, मग टेन्शन म्हणजे काय ते कळेल तुला.

त्या दिवशी तिसऱ्या टाकीतून करकर आवाज येत होता. काडी आत उतरून तेल देऊन आला. वर येऊन वॉकीवर ऑपरेशन म्हणाला. पॅनेलवाल्याने टाकी चालवली. करकर तशीच. बंद केली. काडीने बाहेरूनच हात घालून काहीतरी पिळलं, पुन्हा म्हणाला ऑपरेशन. पुन्हा चालवली, पुन्हा करकर, पुन्हा बंद. मग काडीने ठरवलं की आत उतरूनच बघायला हवं. वॉकी तोंडाशी धरून तो बोलला.

पॅनेलवर आलं, शन.

टाकी बंद होती. आधी दोनदा चालवायला सांगितलं होतं. पॅनेलवाल्याने नियमाप्रमाणे उत्तर दिलं, कन्फर्मेशन. तिकडे काडीला काय ऐकू आलं असेल? शन. त्याचं समाधान झालं. वॉकी पट्ट्याला अडकवून तो उतरला. त्याला उतरायला वेळ लागत नसे.

फिटरने आत जाण्याआधी विजेच्या खटक्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली खिशात घालायची, असाही एक नियम आहे. भिंतीवर चित्रासकट लावलाय. कुलपं सुपरवायझरच्या कपाटात होती. कुलपं लावत बसलं की माल मागे पडतो, असं त्याचं म्हणणं.

पॅनेलवाल्याने बटण दाबलं. या वेळी करकर आली नाही. दुसराच आवाज आला.

घरी फोन सुपरवायझरने केला. आईने उचलला. मेला म्हणायला त्याची जीभ रेटली नाही, म्हणून तो साहेबाच्या भाषेत बोलला. म्हणाला, काडी टाकीत असताना ऑपरेशन झालं, तुम्ही लगेच या.

आईने त्या ओळीतला एकच शब्द धरला. तिचं स्वतःचं पोटाचं झालं होतं. तिने विचारलं, कसलं ऑपरेशन, पोटाचं का? कुठल्या दवाखान्यात ठेवलंय? तो म्हणाला, तुम्ही या आधी, आणि फोन ठेवला. आईने घोंगडी घेतली, पेज करून डब्यात भरली, शेजारणीला सांगितलं की पोराचं ऑपरेशन झालंय, शुद्धीवर आल्यावर त्याला भूक लागेल. मुलगी कामावरून येईपर्यंतही ती थांबली नाही. मोठ्या दवाखान्यात जाऊन प्रत्येक खाटेपाशी वाकून बघत होती. एका नर्सने विचारलं, पेशंट कोण? आई म्हणाली, बारीक आहे हो अंगाने, पटकन दिसायचा नाही.

मुलीने तिला तिथे गाठलं. डबा तिच्या हातातून घ्यायला गेली तर आई देईना. म्हणाली, तू सांगतेस ते चूक आहे, मला कारखान्यातल्या माणसाने स्वतः सांगितलंय.

चौथ्या दिवशी एचआरचा साहेब घरी आला. सोबत सफरचंदं. पुढच्या खोलीत खुर्ची एकच, तिच्यावर तो बसला. पॅनेलवाला भिंतीला टेकून उभा. त्या दिवसापासून तो बसतच नव्हता, जेवायचाही उभ्याने. साहेबाने आधी दुःख झालं म्हणून सांगितलं, मग कामाचं काढलं. चौकशी होणार. चूक कोणाची ते ठरवावं लागणार. वॉकीचं बोलणं कुठे साठवलेलं नाही. म्हणजे शब्द काय बोलला गेला हे दोनच माणसांना माहीत, आणि त्यातला एक गेला. दुसऱ्याने एवढंच सांगायचं की काडीच चुकून ऑपरेशन म्हणाला. सांगितलं तर प्रकरण तिथेच मिटेल आणि नोकरी राहील. नाही सांगितलं तर मग पोलीस आहेत, आणि त्यात कंपनी पडणार नाही.

बहीण मागच्या खोलीच्या दारात उभी होती. तिने विचारलं, "आणि कुलपं?"

साहेब म्हणाला की तो वेगळा विषय आहे.

"आणि तुमचे ते शब्द? तोही वेगळाच विषय?"

साहेबाने घड्याळ बघितलं. म्हणाला, ताई, तुमच्या घरातला एक माणूस गेला. दुसऱ्याला तरी वाचवा. आणि निघाला. सफरचंदं तशीच राहिली. कोणी त्यांना हात लावला नाही, टाकलीही नाहीत. टाकायला उठावं लागतं.

ती नवऱ्याला म्हणाली, आता मला खरं सांगा, काय ऐकलंत? तो म्हणाला, शन. ती म्हणाली, नीट आठवा. तो म्हणाला, आठवून आठवून मी दोन्ही ऐकलेत. सकाळी ऑपरेशन ऐकू येतं, दुपारी आयसोलेशन. त्याचा आवाज मात्र पक्का आहे डोक्यात. शब्द नाही.

तिला माहीत होतं की भाऊ चुकलेला नाही. तिनेच त्याला शिकवलं होतं. त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने बरोबर सांगितलं असतं. पण मेलेल्याच्या खरेपणावर चूल पेटत नाही आणि तुरुंगातला नवरा भाडं भरत नाही. तोंड उघडून हे म्हणायची तिला लाज वाटत होती. तेवढ्यात मागच्या खोलीतून आईच म्हणाली.

"सांगा म्हणावं. माझाच पोरगा चुकला, सांगा. त्याला आता त्याचं काय?"

मुलीने मान खाली घातली आणि म्हणाली, आई म्हणतेय तसं करा.

चौकशी मीटिंगच्या खोलीत झाली. खाली जाड गालिचा, दार लावलं की बाहेरच्या जगाचा मागमूस नाही. एचआरचा साहेब, सुरक्षा अधिकारी आणि कंपनीचा वकील. सुपरवायझर कोपऱ्यात. पॅनेलवाल्याची बायको बाहेर बाकावर बसली. तिला आत घेतलं नाही.

सुरक्षा अधिकाऱ्याने दोन वॉकी आणल्या होत्या. एक पॅनेलवाल्याच्या हातात दिली, दुसरी घेऊन तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि सावकाश, एकेक अक्षर चघळत शब्द बोलू लागला. पॅनेलवाल्याने प्रत्येक शब्द परत म्हणायचा आणि अर्थ सांगायचा. आयसोलेशन, वीज तोडणं. ऑपरेशन, चालवणं. लुब्रिकेशन, तेल देणं. एकही चुकला नाही. चुकेल कसा? त्या खोलीत माशी बसली असती तरी ऐकू आलं असतं.

साहेब खूश झाला. म्हणाला, म्हणजे वॉकी ठीक, कान ठीक, अर्थही पाठ. तुम्ही तर चुकणं शक्यच नाही. मग ज्या अर्थी टाकी चालू झाली, त्या अर्थी तो ऑपरेशनच म्हणाला असणार. बरोबर ना?

ताट वाढून ठेवलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं.

पॅनेलवाला म्हणाला, टाक्या चालू असताना तिथे उभं राहून हेच शब्द बोला, मग विचारा. साहेब म्हणाला, तो आजचा विषय नाही. तिसरी टाकी धुऊन पुसून कधीच सुरू झाली होती, आणि चौकशीसाठी माल थांबवता येत नाही.

"तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही," पॅनेलवाला म्हणाला. "शेवट तेवढा आला. बाकीचं मी माझ्या मनाने लावलं."

"मनाने लावलं," वकील म्हणाला. "आणि बटण दाबलं."

"हो."

"म्हणजे सूचना न ऐकता तुम्ही मशीन चालू केलं."

"हो. पण तो चुकला असं मी लिहून देणार नाही. तो चुकत नसे."

साहेबाने हळूच विचारलं की याचा अर्थ कळतोय ना. तो म्हणाला, अर्थ सगळे पाठ आहेत, तुम्हीच आत्ता परीक्षा घेतलीत. कोपऱ्यात सुपरवायझर हसला आणि लगेच खोकला.

बाहेर आल्यावर बायकोने तोंड बघूनच ओळखलं. तरी विचारलं, सांगितलंत? तो म्हणाला, नाही. ती फाटकाकडे चालू लागली. फाटकापाशी पहारेकऱ्याने त्याचं ओळखपत्र काढून घेतलं, तेव्हा ती त्याच्यावर ओरडली. पहारेकऱ्यावर नाही, नवऱ्यावर. म्हणाली, तुम्हाला एकट्यालाच खरं बोलायची हौस. रात्री झोप यावी म्हणून बोललात. आमच्या पोटाचं काय, ते तुमच्या झोपेत बसत नाही. ती बोलायची थांबली, पदराने नाक पुसलं आणि त्याच्या दंडाला धरून चालू लागली. भावाला कोणी खोटं पाडलं नाही याचं बरंही वाटत होतं तिला, आणि त्या बरं वाटण्याचाही राग येत होता.

घरी आई दारात उभी होती. जावयाने तिला सरळ सांगितलं. मी त्याच्यावर टाकलं नाही, आई. नोकरी गेली. उद्या सकाळी चौकीत बोलावलंय.

आई दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "मी सांगितलं होतं तसं करायला काय झालं होतं तुम्हाला?"

त्याने पायातल्या चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या.

"उद्या मी पण येते चौकीत. सांगते त्यांना, मी त्याची आई. मारणारा हा नाही म्हणून सांगते."

मुलगी म्हणाली, "मग ते विचारतील, कोण?"

"विचारू देत की," आई म्हणाली. "विचारू तर देत."

दुसऱ्या दिवशी जावयाला आत नेलं आणि आई बाहेरच्या बाकावर बसली. माणसं येत होती, जात होती. शिपायाने दोनदा तिला पाय आत घ्यायला सांगितलं. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत ती तिथे बसून होती. तिला कोणी काही विचारलं नाही.