फळीवरची शिकवणी

तीन महिने माझी नात सुप्रिया इंदूताईंकडे पियानो शिकायला जात होती आणि त्या घरातून एकदाही सूर बाहेर आला नव्हता. मी फाटकाशी थांबून ऐकायचो. नुसती टकटक.

फाटकावर पाटी होती. अक्षरं मला उशिरा आली, म्हणून पाटी दिसली की मी पूर्ण वाचतो. ‘पियानोवादक. मुंबईत व विदेशात कार्यक्रम. खासगी शिकवणी.’ विदेशात वाजवणारी बाई पांढुर्ण्याला कशाला येईल? तिचा पियानो नागपूरला संत्री टाकून परतलेल्या ट्रकमधून आला, तणसात गुंडाळून. सहा माणसांनी उतरवला. तेव्हापासून त्याच्या झाकणाला कुलूप.

त्यात सुप्रियाच्या कंपासपेटीत मला एक लहान किल्ली दिसली. कशाची, ते ती सांगेना.

तिची नागपूरची पियानोची परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. तिथे पोरीचं हसं झालं, तर ती पुन्हा कोणत्या वाद्याला हात लावणार नाही. शिकवणी बंद करायची, असं ठरवूनच मी आत शिरलो.

सुप्रिया टेबलाशी बसली होती. समोर फळी, तिच्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या रंगवलेल्या. इंदूताई तिच्याकडे पाठ करून खिडकीशी पालक निवडत होत्या.

“बाई, हे काय चालून राहिलं?”

“सराव, श्रावणभाऊ. बसा.”

“तीस वर्षं मी भीमगीतांच्या पार्टीत पेटीचा बाजा वाजवला. फळी वाजवणारा नाई पाहिला.”

“आबा, तुमच्या बाज्यानं शेजारी उठून जात,” सुप्रिया म्हणाली. “माह्या फळीचा कोणाले त्रास नाई.”

“तू चूप. बाई, पियानो उघडा.”

“नाही.”

“उघडत नाई, का वाजवता येत नाई?”

त्यांनी पालकाची काडी मोडली. “सुप्रिया, चौथं बोट. तिसऱ्यानं दाबलंस.”

मी चमकलो. खिडकीच्या काचेत दिसत असेल. उठून पडदा ओढला आणि सुप्रियाला खूण केली, मुद्दाम चूक. तिने तोंड वाकडं करत करंगळी आपटली.

“श्रावणभाऊ, लेकराला खुणा नका करू,” बाई न वळता म्हणाल्या. “करंगळीचा आवाज हलका असतो.”

मी बसलो.

“ट्रकात हादरून तारांचा सूर उतरला,” त्या म्हणाल्या. “तुमचा बाजा कसाही आणा, सूर सोडत नाही. याला दोनशेवर तारा. बेसूर ऐकून तिचा कान बिघडला, तर बोटं काय कामाची? सूर लावणाऱ्यानं तीनदा टाळलं. रविवारी येतो म्हणतो.”

“मग कुलूप कशाले?”

“माझ्यासाठी. चाळीस वर्षं रोज वाजवलंय, हात राहत नाही. म्हणून किल्ली तिच्याकडे दिली. मी मागितली तरी द्यायची नाही.”

“दोनदा मागितली,” सुप्रिया म्हणाली.

रविवारी मी सूर लावणाऱ्याच्या आधी पोचलो. सुप्रियाने कुलूप काढलं. तो माणूस तारा पिळत असताना बाई त्याच्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे बघायचो तसं. काम झाल्यावर त्या स्वतः बसल्या नाहीत. सुप्रियाला बसवलं.

पोरीने वाजवलं. घर भरून गेलं. मी डोळे मिटून तिचं चौथं बोट ओळखायला बघत होतो. काही कळलं नाही.

“कोणतं चुकलं?” मी हळूच विचारलं.

“एकही नाही,” बाई म्हणाल्या.


ते खरं होतं की मला खूश करायला, हे मी परीक्षेपर्यंत सांगू शकत नाही. पण शिकवणी चालू आहे.