दुधाची रेलचेल

नातीला कुणाला न विचारता परस्पर उद्योग करायची खोड होती. ती खोड कुणाकडून आली, हे आजीबाई मेल्या तरी कबूल करणार नव्हत्या. पण आज कार्टीने कमाल केली होती.

शब्दकोशाच्या कचेरीत नातीची उमेदवारी चालू होती. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे आज ठरणार होतं. तिथली पद्धत अशी, की प्रत्येक शब्दाच्या कार्डावर एक वाक्य छापील पुस्तकातलं, एक जिवंत माणसाच्या तोंडचं आणि खाली त्या माणसाचा नंबर. नातीच्या वाट्याला 'रेलचेल' आला. पुस्तकातलं वाक्य मिळालं, फळाफुलांचं. तोंडचं मिळेना, तेव्हा बाईसाहेबांनी घरबसल्या रचलं, 'माझ्या लहानपणी घरात दुधाची रेलचेल होती', आणि खाली आजीचा नंबर ठोकून दिला.

हे सांगितलं कधी, तर कचेरीतले साहेब आता फोन करून खात्री करणार, हे कळल्यावर.

"आजी, नुसतं हो म्हण. नाहीतर माझी नोकरी गेली."

आजीबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या. लहानपणी दूध पाहिलं ते आजारपणात, तेही अर्धी वाटी. आता फोन मांडीवर घेऊन त्या बसल्या. हो म्हणावं तर ते खोटं आपल्या तोंडचं म्हणून कायमचं छापलं जाणार. नाही म्हणावं तर पोरीच्या पोटावर पाय. पोरगी समोर उभी, नखं खात.

फोन वाजला. साहेबांनी वाक्य वाचून दाखवलं आणि तुमचंच ना, म्हणून विचारलं.

"नाही," आजीबाई म्हणाल्या. नातीने डोळे मिटले. "माझं लिहून घ्या. रेलचेल शेजारच्या घरी होती. त्यांनी तो शब्द कधी काढला नाही. आम्हीच रोज काढायचो, कोरा चहा पिताना."

मग साहेबांनी ते वाक्य पुन्हा, सावकाश सांगायला लावलं. नातीने उद्या येऊन नवं कार्ड लिहावं, म्हणाले. कायम करायचं तीन महिन्यांनी बघू.

नात मुसमुसायला लागली. आजीबाईंनी फोन तिच्या हातात दिला.

"रडू नकोस. घरात दूध नव्हतं, पण तोंड माझंच होतं. पुन्हा त्यात परस्पर शब्द घातलास, तर मीच येऊन तुझं कार्ड फाडीन."