मडक्यावर राखण बसलेला भोकाचा पैसा

मित्रांनो, मी एक जुना भोकाचा पैसा आहे. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची ओढाताण झाली, म्हणून टाकसाळीत माझ्या पोटातच भोक पाडलं. मुलं मला हसायची. मी मात्र त्या भोकातून जग बघायला शिकलो.

नागपूरचे चंपतराव कुहीकडच्या माळावर उत्खनन करायचे. तिथे गोल मांडलेल्या मोठ्या दगडांखाली फार जुन्या माणसांच्या कबरी होत्या. चंपतरावांची एक रीत होती. खड्डा बुजवण्याआधी ते तळाशी एक चालू नाणं ठेवायचे. पुढे कोणी खणलं तर त्याला कळावं, इथलं काम झालंय, खाली काही उरलेलं नाही.

१९४३ साली त्यांना लाल मण्यांनी भरलेलं मडकं लागलं. मजुरांनीही ते पाहिलं. त्याच संध्याकाळी निरोप आला, उद्यापासून माळावर लष्कराची छावणी. मजूर घरी गेल्यावर चंपतरावांनी मडकं होतं तिथेच ठेवलं, वर हातभर माती लोटली, कोणी उकरलंच तर खाली काही नाही असं वाटावं म्हणून त्यावर मला ठेवलं आणि खड्डा बुजवला. त्याच आठवड्यात ते तापाने फणफणले आणि कोणाला काही सांगायच्या आत गेले.

मी झोपलो. वरून बूट गेले, मग गवत आलं. एक मूळ माझ्या भोकातून आरपार वाढलं. खालच्या मण्यांना बहुतेक स्वप्नं पडत असावीत, कारण कधीकधी कोणीतरी गळ्यात माळ घालून चालल्यासारखी किणकिण यायची. मला ती फार आवडायची.

वर काय चाललंय ते मला पुष्कळ नंतर कळलं. लोक म्हणत होते, चंपतरावाने मणी विकून खाल्ले! त्यांच्या बायकोने, रुखमाबाईंनी, त्या दिवसापासून घरात मण्यांची माळ येऊ दिली नाही. नात गोपिका जत्रेत माळेसाठी रडली, तरी नाही.

चंपतरावांचा मुलगा वामनराव आणि सून चारुशीला दोघंही उत्खननातच पडले. वडिलांचा खड्डा शोधत ते एकेक दगडी वर्तुळ उघडत होते. १९७१ चं युद्ध पेटलं आणि माळ पुन्हा लष्कराला द्यायचं ठरलं. शेवटच्या दिवशी रुखमाबाई गोपिकेला घेऊन खड्ड्याच्या काठावर येऊन बसल्या.

दुपारी माझ्यावर ऊन पडलं. वामनरावांनी मला पुसून साल वाचलं आणि खुरपी खाली ठेवली.

"काहून थांबला गा?" रुखमाबाईंनी विचारलं.

"बाबांचा पैसा हाय, आई. म्हणजे खड्डा रिकामा करूनच बुजवला त्यायनं."

"मंग लोक खरंच बोलत होते म्हणायचं." त्यांनी पदर तोंडाला लावला. मला इतकं रडू आलं म्हणून सांगू!

चारुशीलाबाई मात्र खड्ड्यातून हलल्या नाहीत. मी होतो तिथे त्यांनी बोट खुपसलं. "अहो, माती पोली, भुसभुशीत लागून राहिली न. आपण तं पैसा कडक मुरमावर ठेवतो."

हातभर खाली मडकं होतं. रुखमाबाई स्वतः खड्ड्यात उतरल्या. एक मणी तळहातावर घेऊन त्यांनी पदराने पुसला. "मले एक शब्द तरी सांगून जायचं होतं वं यायनं," एवढंच सुनेला म्हणाल्या, आणि मणी परत मडक्यात ठेवला.

तळ कडक लागेपर्यंत खणून झाल्यावर वामनरावांनी तिथे नवं नाणं ठेवलं. मला रुखमाबाईंनी मागून घेतलं.

मित्रांनो, जमिनीत काही गवसलं तर खिशात घालू नका, जाणत्या माणसाला बोलवा. आणि गेलेल्या माणसाला नावं ठेवण्याआधी अजून हातभर खणून बघा.

आता मी गोपिकेच्या काचेच्या मण्यांच्या माळेत मधोमध असतो. माळ रुखमाबाईंनीच बाजारातून आणली. पहिल्या दिवशी गोपिकेने ती फ्रॉकच्या आत सरकवली, तर त्यांनी ती बाहेर ओढून काढली.

"वरूनच घाल वं," त्या म्हणाल्या. "साऱ्या मोहल्ल्याले दिसू दे."