माझ्यासमोरची बाग

मी एका बारा मजली इमारतीची जुनी प्रतिकृती आहे, मित्रांनो. उंची सव्वा फूट. भिंती पुठ्ठ्याच्या, खिडक्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या आणि प्रत्येक मजल्यावर गव्हाच्या दाण्याएवढा एक दिवा. मी कधी रस्त्यावर उभी राहिले नाही, माझ्यात कधी कोणी राहिलं नाही. तरीही एका माणसाचं घर माझ्यामुळे गेलं आणि माझ्यामुळेच त्याला न्याय मिळाला.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. मला घडवणारा कारागीर म्हातारा होता. शंभर फुटांचं एक फूट, हे त्याचं माप. "माप चुकलं की आतली माणसं दारात अडकतील रे," असं तो स्वतःशीच पुटपुटायचा, जणू आत खरंच कोणी राहायला येणार होतं. तीन आठवडे तो माझ्यावर वाकलेला होता. सगळ्यात शेवटी त्याने माझ्यासमोर बाग लावली. तारेवर हिरवा स्पंज चिकटवून एकेचाळीस झाडं केली, आगकाड्यांची सात बाकं केली. मग त्याने बटण दाबलं, माझे बाराही मजले उजळले आणि मला वाटलं, मी जागी झाले.

माझी रवानगी विक्रीच्या ऑफिसात झाली. काचेची पेटी, खाली निळं कापड, वर थंड हवा. ऑफिसच्या मागे पाया खणायचं काम सुरू होतं. यंत्रांची धडधड जमिनीतून माझ्यापर्यंत पोहोचायची, माझी बाकं किंचित थरथरायची. लहान मूल झोपेत वाढतं म्हणतात ना, तसंच काहीसं मला वाटायचं. बाहेर जे वाढत होतं ती मीच होते. एक दिवस माझी पुठ्ठ्याची भिंत विटेची होईल, माझ्या खिडक्यांतून खरे पडदे उडतील, स्पंजच्या झाडांवर पाखरं बसतील. दुपारी ऑफिस रिकामं असलं की मी याच स्वप्नात तरंगत असे. लोक येत, पेटीभोवती फिरत, हळू आवाजात बोलत. झोपलेल्या बाळाजवळ बोलावं तसं. त्या कौतुकाने मी फुगून गेले होते, हे कबूल करते.

एका सकाळी एक घड्याळजी आणि त्याची बायको आली. एका जिन्याखालच्या दुकानात त्याने तीस वर्षं दिव्याच्या उजेडात घड्याळं उघडली होती. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, यापुढे नुसत्या दिव्यावर काम करायचं नाही. काम करायचं तर दिवसाच्या उजेडात, नाहीतर सोडायचं. म्हणून त्याला घरापेक्षाही एक खिडकी हवी होती, टेबल लावायला.

त्याने खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि माझ्या चौथ्या मजल्याच्या उजव्या कोपऱ्यात डोकावून पाहिलं. इतक्या जवळून मला कोणी पाहिलं नव्हतं. मला गुदगुल्या झाल्या.

"सकाळी ऊन इथून येणार?" त्याने विचारलं.

विक्रीच्या मुलीला ऑफिसात सगळे हसरी म्हणत. ती म्हणाली, "सकाळभर, काका. समोर बाग आहे आणि बागच राहणार."

घड्याळजीने पिशवीतून पावतीपुस्तक काढलं. त्याच्या धंद्याची एक रीत होती. घड्याळ उघडण्याआधी ते कोणत्या अवस्थेत आलं, हे तो पावतीवर लिहायचा. काचेवर चरा एक, पट्ट्याचं भोक फाटलेलं. मग दोघांच्या सह्या. पुढे वाद नको. तसंच त्याने माझंही लिहिलं. चौथा मजला, उजवा कोपरा, खिडक्या दोन, समोर बाग, झाडं एकेचाळीस, बाकं सात, दुसरी इमारत नाही. खाली तारीख.

"काका, घर घेताय की दुरुस्तीला टाकताय?" हसरीने विचारलं.

"दोन्हीत वस्तू दुसऱ्याच्या हातात असते, पोरी. कर सही."

"अहो, लोक हसतील," बायको कुजबुजली.

"हसू देत की. हसणाऱ्याची सहीसुद्धा चालते."

हसरीने हसत हसत सही केली, आणि घड्याळजीने घराचे पैसे भरले.

दोन वर्षं गेली. बाहेरची मी वाढत होते, आणि एके दिवशी धडधड वेगळ्या बाजूने येऊ लागली. जिकडे माझी बाग होती, तिकडून. मला वाटलं, झाडांसाठी खड्डे खणत असतील. किती वेडी होते मी! ऑफिसातल्या बोलण्यावरून कळलं, तिथे दुसरी इमारत उभी राहत होती.

मग विक्रीच्या साहेबांनी म्हाताऱ्या कारागिराला बोलावलं आणि बाग काढून तिथे इमारत बसवायला सांगितलं. म्हाताऱ्याने चष्मा पुसला. "मी चिकटवलेलं मी उपटत नाही," एवढं बोलून तो निघून गेला. तेव्हा साहेबांनी स्वतःच सुरी घेतली. झाडं पटापट निघाली, बाकं तुटली. माझ्या पुढ्यात एक ओबडधोबड खोका चिकटवला गेला. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की मी मोठी होत नव्हते. बाहेर जी वाढली ती दुसरीच कोणी होती, आणि तिच्यासाठी खोटं बोलायचं काम माझ्याकडे होतं.

ताब्याच्या दिवशी घड्याळजी आणि त्याची बायको घर बघून ऑफिसात आली. खिडकीपासून पंधरा फुटांवर भिंत होती. भर दुपारी दिवा लावावा लागत होता.

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "काका, दुसरी इमारत पहिल्यापासून आहे. हे बघा."

घड्याळजी माझ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला. "माझ्याच डोळ्यांनी दगा दिला असेल," तो म्हणाला, आणि समोरच्या कागदावर सही करायला त्याने पेन उचललं. कागदावर लिहिलं होतं, पाहणी केली, कसलीही तक्रार नाही.

बायकोने पेन काढून घेतलं. "डोळे तुमचे अधू झालेत, माझे नाहीत. पावती घरी आहे. चला."

मित्रांनो, मला हात असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

आठवड्याने ती दोघं एका वकीलबाईंना घेऊन आली. बाईंनी माझे सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि खुर्ची ओढून तिथेच सगळं समजावलं. "त्या कागदावर सही झाली असती तर काम अवघड झालं असतं. आता ऐका. जाहिरात बघून किंवा असा नमुना बघून तुम्ही घर घेतलंत आणि ते खोटं निघालं, तर जबाबदारी विकणाऱ्याची. घर नको असेल तर भरलेले पैसे व्याजासकट परत मागता येतात. घर ठेवायचं असेल तर नुकसानभरपाई मागता येते. बांधकामांवर देखरेख करणारं प्राधिकरण आहे, तिथे तक्रार करू. ग्राहक आयोगाचंही दार आहे, पण एकाच मागणीसाठी दोन्ही दारं ठोठावायची नाहीत. आणि मुद्दाम फसवलं असं दिसलं, तर पोलिसांत तक्रार करता येते, ती वेगळी."

"आणि वेळ?" बायकोने विचारलं.

"मुदत असते. दुखणं अंगावर काढू नका, एवढंच."

प्राधिकरणापुढच्या सुनावणीला मला टेम्पोतून नेलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खिडक्यांतून खरं ऊन आत आलं. चौथ्या मजल्याच्या पुठ्ठ्यावर ते पिवळं सांडलं, आणि पुढे काय होणार याचा क्षणभर मला विसर पडला.

विकणाऱ्यांचे वकील म्हणाले, प्रतिकृती ही नुसती शोभा असते, तसं पत्रकावर बारीक अक्षरात छापलेलं आहे. शिवाय हिच्यात दुसरी इमारत दिसतेच आहे. मग पावती वाचली गेली. हसरीने ती नोकरी कधीच सोडली होती, तरी ती आली. या वेळी ती हसत नव्हती. "सही माझीच आहे. तेव्हा बाग होती. मला जे सांगायला सांगितलं, ते मी सांगितलं," ती म्हणाली.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाईंनी तो खोका उचलायला लावला. चर्र आवाज झाला, मला दुखलं. खाली गोंदाचे बारीक ठिपके होते. साहेबांना उपटता आलं होतं, पण खरवडून काढायला ते विसरले होते. बाईंनी बोट ठेवून ठिपके मोजले. बाकांच्या पायांचे सात जोड. मी बोलू शकत नाही, पण त्या दिवशी माझे व्रण बोलले.

"तुम्हाला काय हवं?" बाईंनी विचारलं. "घर ठेवून भरपाई, की पैसे परत?"

घड्याळजीने बायकोकडे पाहिलं. एवढ्या पैशांत आता त्या भागात घर मिळणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"लहान चालेल, लांब चालेल," बायको म्हणाली. "अंधार चालणार नाही."

निकाल तसाच लागला. पैसे व्याजासकट परत मिळाले, पण वर्ष उलटल्यावर. तोवर जिन्याखालचं दुकान बंद झालं होतं आणि घड्याळजी रिकाम्या हातांनी बसून राहायला शिकला होता. आता त्यांचं दीड खोलीचं घर आहे, शेवटच्या बसथांब्याच्याही पुढे. बांधून तयार असलेलं. घेण्याआधी बायको सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तिथे जाऊन उभी राहिली होती. आठ ते अकरा ऊन टेबलावर असतं, आणि तेवढाच वेळ तो काम करतो.

मला परत न्यायला कोणी आलं नाही. वकीलबाईंनी मला कचऱ्यातून वाचवलं आणि आपल्या ऑफिसात कपाटावर ठेवलं. आता मी मोठी होण्याची स्वप्नं बघत नाही. क्वचित दुपारी डोळा लागतो, तेव्हा माझ्या चौथ्या मजल्यावर कोणीतरी भिंग लावून बसलेलं असतं आणि एक अगदी लहान घड्याळ टिकटिक करायला लागतं.

मित्रांनो, तुमच्या घरची मोठी माणसं कधी अशा काचेच्या पेटीभोवती उभी राहिली, तर त्यांचा हात ओढा आणि मोठ्याने विचारा, "हे लिहून देणार का?" मुलांच्या प्रश्नावर कोणाला धड रागावताही येत नाही. आणि कधी इकडे आलात तर माझ्यावरची धूळ पुसा, पण फडकं हळू फिरवा. सातव्या मजल्याची गॅलरी सुटत आली आहे.